बत्तीस बोअरच्या मुलखात मॅग्नम

२२ जुलै १९३१. मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले होते. वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे नावाच्या विद्यार्थ्याने त्यांच्यावर अगदी हाताच्या अंतरावरून गोळी झाडली. कारण होतं सोलापूर. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला होता, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिलं गेलं होतं. त्या दडपशाहीचा जाब गोगटे विचारत होते. गोळी छातीवरच्या खिशावर नेमकी बसली, पण खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली. हॉटसन वाचले. गोगटे तुरुंगात गेले, आणि पुढे आयुष्यभर ‘हॉटसन गोगटे’ म्हणूनच ओळखले गेले.

हत्यारांचा नाद असलेल्या माणसाला हा प्रसंग सांगितला, की इतिहासावर तो नंतर येतो. आधी विचारतो, बोअर कोणता होता? प्रश्न कोरडा वाटेल, पण बिनबुडाचा नाही. अंतर, नेम, निश्चय सगळं जुळूनही गोळीत जोर नसेल, तर पाकिटाचं बटणसुद्धा भारी पडतं. जगभरच्या बंदूकवाल्यांना गेली सव्वाशे वर्षं याच चिंतेने झोप लागू दिलेली नाही. त्यातूनच .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम, .४१ मॅग्नम, दहा मिलिमीटर ऑटो अशी एकाहून एक दांडगी काडतुसं निघाली. आपल्याकडे मात्र कोणता बोअर घ्यायचा हे कारागिराने ठरवलं नाही, गिऱ्हाइकानेही नाही. ते सरकारी कोष्टकाने ठरवलं.

आधी बोअरचा हिशेब. बोअर म्हणजे नळीच्या आतली पोकळी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या आणि त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसली, ती बारा बोअरची बंदूक. पिस्तूल-रिव्हॉल्वरचा बोअर इंचात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात, पण तो आकडा शब्दशः घेऊ नये. .३८ स्पेशलची गोळी मोजली तर .३५७ इंच भरते, आणि .३५७ मॅग्नमचीही तेवढीच. फरक आतल्या दारूत आहे, आणि कवचाच्या लांबीत. मॅग्नमचं कवच इंचाच्या साधारण आठव्या भागाने लांब केलं, तेही मुद्दाम. मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशल सुखाने चालते. उलट .३८ च्या जुन्या, नाजूक रिव्हॉल्वरमध्ये मॅग्नमचं काडतूस पूर्ण आत बसतच नाही, म्हणून ते फुटून धन्याचीच बोटं जाण्याचा धोका टळतो.

सोलापूरहून चाळीसेक किलोमीटरवर अक्कलकोट आहे. स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीतली थोडी माणसं तिथल्या भोसले राजघराण्याचं शस्त्रागार बघायलाही जातात. तलवारी, भाले, बंदुका, पिस्तुलं यांचा तो संग्रह बघताना एक गोष्ट सहज विसरली जाते. संस्थानिकाला जे बाळगता येत होतं, ते त्याच्या रयतेला येत नव्हतं. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या दावणीला बांधलं, युरोपियनाला मोकळं ठेवलं. नुसत्या परवान्यावर सरकारचं समाधान झालं नाही. कोणतं काडतूस कोणाच्या हाती पडतं, यावरही त्याची नजर गेली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरच्या खासगी रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी झाली. फौजेतून पळवलेल्या किंवा मोडीत काढलेल्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हातात होत्या आणि त्यांचा बोअर .४५०. शिकाऱ्यांसाठी येणारी गोळी त्यांच्या कामी येऊ नये, एवढाच हेतू. इंग्लंडच्या बंदूकवाल्यांचं हिंदुस्थानातलं गिऱ्हाईक बसलं. त्यांनी रडत न बसता व्यास थोडा इकडेतिकडे करून .४६५, .४७०, .४७५ असे नवे बोअर काढले. हत्ती-गव्यांच्या शिकारीत दबदबा असलेली .४७० नायट्रो एक्स्प्रेस शिकाऱ्याच्या गरजेतून निघालेली नाही, ती इथल्या बंदीतून निघाली. .३१५ चंही तेच. .३०३ हा फौजेचा बोअर, म्हणून खासगी माणसासाठी जुन्या ऑस्ट्रियन मानलिखर काडतुसाच्या घराण्यातला .३१५ पुढे आला. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याची .३१५ आजही परवानाधारकांच्या घरात असते.

सरकारची भीती अगदीच पोकळ नव्हती. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला मारलं ते ब्राउनिंग पिस्तुलाने. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून अशी वीस पिस्तुलं धाडली होती. तेव्हापासून हातात मावणारं, धोतराच्या ओच्यात लपणारं हत्यार हे बंदुकीपेक्षा जास्त धास्तीचं झालं.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, १९६२ मध्ये नियम आले, २०१६ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. पण वर्गवारीचा सांगाडा बदलला नाही. .३८० आणि .४५५ ची कडेवाली काडतुसं किंवा फौजेचं नऊ मिलिमीटरचं काडतूस ज्यात बसू शकतं, असं कोणतंही पिस्तूल वा रिव्हॉल्वर निषिद्ध. बोलीत याला ‘पीबी’ म्हणतात. उरलेलं ‘एनपीबी’, म्हणजे निषिद्ध नसलेलं. पीबीचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात. एनपीबीचा सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांकडे, आणि माळशिरस, बार्शी, सांगोला, मंगळवेढा अशा तालुक्यांतल्या माणसाला कलेक्टर कचेरीत.

आता या कोष्टकाची गंमत बघावी. नऊ मिलिमीटरची नेहमीची गोळी नळीतून साधारण ४९० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. ती सामान्य नागरिकाला बंद. .३५७ मॅग्नमची १५८ ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ३७५ मीटर वेगाने निघते, म्हणजे सव्वासातशे ज्यूल. ती चालते. कारण कोष्टकाला गोळीच्या जोराशी देणंघेणं नाही. त्याला एवढंच बघायचं आहे, की फौज आणि पोलीस वापरतात ते काडतूस खासगी हत्यारात बसता कामा नये. इंग्रज गेले, मार्टिनी-हेन्री वस्तुसंग्रहालयात गेली, पण युक्तिवाद तोच राहिला. याच फटीतून मॅग्नम भारतात कायदेशीर आहे.

कायदेशीर आहे, पण मिळते कुठे? नेहमीच्या परवानाधारकाच्या वाट्याला येतो तो बत्तीस बोअर. हे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग नावाचं काडतूस १८९६ सालचं. थिओडोर रूझवेल्ट न्यू यॉर्कच्या पोलिसांचा कारभार बघत होते तेव्हा तिथल्या शिपायांना .३२ ची कोल्ट रिव्हॉल्वरं दिली गेली, त्या काळातलं. पुढे अमेरिकेतल्या पोलिसांनी ते अशक्त म्हणून टाकून दिलं. ९८ ग्रेनची गोळी, सेकंदाला दोनशे पंधरा मीटरच्या आसपास वेग आणि जेमतेम दीडशे ज्यूल ऊर्जा. मॅग्नमच्या पाचव्या हिश्शाची. जगाने मागे टाकलेलं हे काडतूस भारतात मात्र अजून राज्य करतं.

त्यासाठीचं रिव्हॉल्वर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. त्याची ठेवण वेब्ली मार्क फोरवरून घेतलेली, आणि ती वेब्ली मुळात .३८ ची. म्हणजे अंगकाठी .३८ साठी घडलेली, नळी आणि चक्री बत्तीसची. ते उघडण्याची तऱ्हा बघण्यासारखी आहे. घोड्याच्या शेजारची कळ अंगठ्याने दाबली की नळी आणि चक्री मिळून पुढे खाली झुकतात, रिव्हॉल्वर मधोमध मोडल्यासारखं होतं आणि चक्रीच्या पोटातून चांदणीच्या आकाराची पट्टी वर उचलली जाते. सहाही कवचं एकदम बाहेर. ही मोडणारी ठेवण झटपट आहे, पण सांध्यावर सगळा ताण येतो. म्हणून मॅग्नमसारख्या दांडग्या काडतुसासाठी ती कोणी वापरत नाही. तिथे अखंड सांगाडा आणि बाजूला झुलणारी चक्रीच लागते.

जानेवारी २०१४ मध्ये याच घराण्यातलं ‘निर्भीक’ आलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅमचं, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर स्त्रियांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला, आणि एवढ्या पैशांत कोणती नोकरदार बाई ते घेणार, असा सवालही लगेच आला. सवाल रास्त होता. १८ ऑगस्ट २०२३ ला ‘प्रबल’ बाजारात आलं, तेही बत्तीसच, पण चक्री बाजूला झुलणारी आणि पल्ला पन्नास मीटरचा. आयुध निर्माणी मंडळाचे २०२१ मध्ये सात तुकडे झाले, त्यात हत्यारांचा कारभार कानपूरच्या कंपनीकडे गेला आणि दारूगोळ्याचा पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. तेव्हा बत्तीसच्या धन्याला काडतुसांसाठी परदेशाकडे बघावं लागत नाही. १८६९ पासून चालू असलेला खडकीचा दारूगोळा कारखाना सोलापूरच्या रेल्वेमार्गावरच आहे. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं दिसली की ते खडकीचं, हे जुन्या माणसांना सांगावं लागत नाही.

मॅग्नमची कुळकथा वेगळ्याच मातीतली आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत दारूचे तस्कर मोटारींतून पळायचे, आणि पोलिसांच्या .३८ च्या गोळ्या गाडीच्या पत्र्याला दबकायच्या. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम काढली, आणि तिच्यासाठी विकायची पद्धतही अशी काढली की तशी नंतर क्वचितच कोणाला परवडली. ‘रजिस्टर्ड मॅग्नम’ तयार माल म्हणून ठेवलेलंच नसे. गिऱ्हाइकाने मागणी नोंदवायची. नळी साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत, पाव-पाव इंचाच्या फरकाने, हवी तेवढी. माशी कोणत्या घडणीची, मूठ कोणत्या लाकडाची, नेम किती अंतरावर जुळवून द्यायचा, सगळं सांगायचं. बरोबर मालकाच्या नावाचं नोंदणीपत्र. किंमत साठ डॉलर, मंदीच्या दिवसांत. पहिलं रिव्हॉल्वर गेलं एफबीआयच्या एडगर हूव्हरकडे. जनरल पॅटनने साडेतीन इंची घेतलं आणि मुठीला हस्तिदंत लावून त्यावर आद्याक्षरं कोरून घेतली. (हे वाचून कोणाला आजोबांच्या रिव्हॉल्वरची आठवण झाली असेल तर एवढं ध्यानात ठेवावं, की हस्तिदंती मूठ असली की शस्त्र कायद्याच्या जोडीला वन्यजीव कायदाही दारात उभा राहतो.)

जोराची हाव तिथेच थांबली नाही. १९५५-५६ मध्ये .४४ मॅग्नम आली. १९६४ मध्ये दोहोंच्या मधली .४१ मॅग्नम आली. तिच्यामागे एल्मर कीथ आणि बिल जॉर्डन यांच्यासारखी नेमबाजीतली बडी नावं होती, तरी ती कधी फोफावली नाही. पोलिसांना ती जड झाली, शिकाऱ्यांनी .४४ च घेतली. १९८३ मध्ये जेफ कूपर यांच्या कल्पनेतलं ‘ब्रेन टेन’ पिस्तूल दहा मिलिमीटरचं काडतूस घेऊन आलं. गोळी जबरदस्त, २०० ग्रेन वजन आणि सेकंदाला सुमारे ३६५ मीटर वेग. पण ते बनवणाऱ्या कंपनीने कितीतरी पिस्तुलं मॅगझीनशिवायच पाठवली. पैसे मोजलेला माणूस मॅगझीनची वाट बघत बसला, आणि तीन वर्षांत कंपनीचं दिवाळं वाजलं. काडतूस मात्र टिकलं. ११ एप्रिल १९८६ च्या मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन जण मारले गेले आणि त्या संस्थेने जास्त जोराचं हत्यार शोधायला घेतलं, तेव्हा नजर याच दहा मिलिमीटरवर गेली. पण धक्का सगळ्यांना पेलेना. दारू कमी केली, कवच तोकडं केलं, आणि १९९० मध्ये .४० स्मिथ अँड वेसन जन्माला आलं. आज एफबीआय पुन्हा नऊ मिलिमीटरवर आलेली आहे. दहा मिलिमीटरचं ग्लॉक मुख्यतः अशांच्या कमरेला असतं ज्यांना समोर अस्वल येण्याची शक्यता असते, ग्रीनलंडमधल्या डॅनिश सिरियस गस्तीसारख्यांच्या.

सोलापूर जिल्ह्यात अस्वलाचा प्रश्न नाही. तरी मॅग्नमची ओढ आहे, ती महाराष्ट्रभर आहे. ऊस, बांधकाम, वाळू, सावकारी, राजकारण यांत वावरणाऱ्या माणसाला बत्तीस बोअर हलका वाटतो. त्याचा मुद्दा निव्वळ मिरवण्याचा असतो असं नाही, आणि निव्वळ संरक्षणाचा असतो असंही नाही. पण १९८० च्या दशकात खासगी आयात बंद झाली. आज ती वाट मुख्यतः नामवंत नेमबाजांपुरती उघडी आहे. त्यामुळे देशात जी स्मिथ, कोल्ट, रुगर, वॉल्थर आहेत ती बहुतेक तेव्हाची, किंवा परदेशातलं बिऱ्हाड कायमचं हलवून परतलेल्यांनी आणलेली. तीच या परवान्यावरून त्या परवान्यावर फिरतात. अमेरिकेत जे जुनं रिव्हॉल्वर दुकानदार काउंटरच्या खालच्या कप्प्यात टाकतो, ते इथे लाखांच्या घरात जातं. पैसे घडणीचे नसतात, बंद दरवाज्याचे असतात.

म्हणून घेणाऱ्याने जायचं ते नावावर नाही, तब्येतीवर. चक्री बंद करून, चाप दाबून धरून ती हलते का. नळी आणि चक्री यांमधली फट किती आहे. नळीच्या मागच्या तोंडाशी खालच्या बाजूला, सहाच्या काट्यावर, बारीक चीर आहे का. स्मिथचं मॉडेल १९ हे १९५५ चं देखणं, हलकं मॅग्नम, पण अमेरिकेतल्या पोलिसांनी सरावाला .३८ स्पेशल आणि ड्युटीला मॅग्नम असं वापरलं म्हणून ते टिकलं. रोज मॅग्नमच झाडणाऱ्यांची ती सैल झाली, नळ्या तडकल्या, आणि १९८० मध्ये कंपनीला जाडजूड सांगाडा काढावा लागला. आपल्याकडे सरावाला हलकं काडतूस ही सोयच नाही. परवान्यावर जो बोअर लिहिलेला, त्याचंच काडतूस, तेही लिहिलेल्या संख्येइतकंच. खडकीचा माल बत्तीसचा. मॅग्नमचं काडतूस बाहेरचं, दुर्मिळ आणि महाग, त्यामुळे धनी ते जपून ठेवतो, झाडत नाही.

आणि झाडलं नाही की हात तयार होत नाही. सारख्या वजनाच्या हत्यारात मॅग्नमचा धक्का बत्तीसच्या तिपटीच्या आसपास जातो. पहिल्या गोळीनंतर नळी छताकडे बघते, कानठळ्या बसतात, आणि दुसऱ्या गोळीच्या आधीच डोळे मिटतात. घराच्या विटांच्या पातळ भिंतीपलीकडे कोण झोपलंय, हा प्रश्न निराळाच. सव्वासातशे ज्यूल भिंतीला विचारून थांबत नाहीत.

मग हत्यार ‘आपल्या हाताजोगं करून घेणं’ म्हणजे काय? इथे कायदा फार स्पष्ट आहे. हत्यार बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं, तपासणं, या सगळ्याला कलम ५ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. ओळखीच्या लेथवाल्याकडे रिव्हॉल्वर नेणं हा लेथवाल्याचाही गुन्हा आणि धन्याचाही. नळी आखूड करणं कलम ६ मध्ये बसतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. नंबर खोडणं तर बोलायलाच नको. म्हणजे मालकाच्या हाती उरतं ते मुठीचं लाकूड आणि कमरेचं म्यान. पण हे थोडं नाही. चापावर बोटाचं पेर कुठे पडतं हे मूठ ठरवते, आणि नेम बिघडण्याची बहुतेक कारणं तिथेच असतात. पंजा लहान आणि मूठ जाड असेल तर बोट चापाला तिरकं ओढतं, गोळी डावीकडे जाते. शिसवीची पातळ मूठ, अंगठ्याच्या बाजूला थोडी खोल केलेली, एवढ्यानेसुद्धा जुनं कानपुरी रिव्हॉल्वर वेगळं वाटायला लागतं.

या कलेत तरबेज लोक बघायचे तर स्पर्धेच्या रेंजवर बघावेत. पंचवीस मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात नियम ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचा कोणताही बोअर चालवून घेतात. चापाचं वजन किमान एक किलो, पिस्तूल १४०० ग्रॅमच्या आत. म्हणजे .३८ सुद्धा चालतो. तरी जगातले जवळजवळ सगळे चांगले नेमबाज कोणता घेतात? .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. तोच आपला अशक्त बत्तीस, फक्त गोळी सपाट नाकाची, जी कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक पाडते. ऑकलंडच्या १९९० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत महाराष्ट्राच्या अशोक पंडित यांनी याच प्रकारात सुवर्ण मिळवलं, आणि १९९४ मध्ये व्हिक्टोरियाला जसपाल राणा यांच्या जोडीने पुन्हा. जसपाल यांनी २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत ५९० गुण करून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. या मंडळींना हवं ते हत्यार मिळू शकत होतं. त्यांनी जोर नाही, शांत हात निवडला.

त्यांच्या पिस्तुलाची मूठ जवळून बघितली तर ती लाकडाची आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. तळव्याच्या प्रत्येक उंचवट्याला तिच्यात खळगा असतो, खाली तळहात टेकवायला सरकणारी फळी असते. कारखान्यातून आलेली मूठ नेमबाज कानस आणि खरकागदाने घासतो. जिथे जागा उरते तिथे पुट्टी भरतो, हात दाबून ठसा घेतो, वाळल्यावर पुन्हा घासतो. महिनोन्महिने हे चालतं. दुसऱ्याने ती हातात घेतली तर बोटं कुठे घालावीत हेच कळत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ च्या चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ च्या जाकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, ते तर .२२ बोअरने.

दुसरं टोकही याच राज्याच्या सीमेवर आहे. जळगाव जिल्ह्याला लागून मध्य प्रदेशात उमर्टी नावाचं गाव आहे. तिथून आलेले गावठी कट्टे आणि पिस्तुलं पुण्यापासून सोलापूरपर्यंतच्या पोलीस कारवायांत वर्षानुवर्षं सापडत आली आहेत. त्यात बोअरची निवड सगळ्यात सोपी असते, जे काडतूस चोरून मिळेल ते. पोलादाचा भरवसा नाही, दाबाची चाचणी नाही. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही, एवढंच की अशा हत्याराचा पहिला बळी बऱ्याचदा चाप ओढणाराच असतो.

परवाना घेतलेल्या सरळमार्गी माणसाचं आयुष्यही सोपं नाही. अर्जाबरोबर सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. पोलीस चौकशी. मग परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला एकमेव क्रमांक. २०१९ च्या दुरुस्तीने तीन हत्यारांची मर्यादा दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच केली. वरातीत किंवा विजयी मिरवणुकीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. त्यात निवडणूक लागली की छाननी समिती बसते आणि नोटीस आलेल्याने हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं. २०२४ मध्ये सोलापूरकरांनी मे महिन्यात लोकसभेला मतदान केलं आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेला. ज्याला दोन्ही वेळा नोटीस आली, त्याचं रिव्हॉल्वर त्या वर्षी घरात किती दिवस राहिलं, हे त्यानेच मोजावं. स्वसंरक्षणासाठी लाखो मोजून घेतलेली मॅग्नम वैर तापण्याच्या मोसमातच ठाण्याच्या कपाटात असते.

तेव्हा ज्याला खरोखर जिवाचं भय आहे आणि ज्याचा परवाना मंजूर झालेला आहे, त्याने दुकानात गेल्यावर आधी हत्यार मागू नये, काडतुसं मागावीत. या बोअरची किती आहेत, कुठल्या सालची आहेत, पुढच्या वर्षी मिळतील का, हे विचारावं. मॅग्नमच्या बाबतीत दुकानदार डोकं खाजवू लागला, तर तिची किंमत ऐकायचीही गरज नाही. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर घ्यावं, आपल्या पंजाला बसेल अशी मूठ परवानाधारक कारागिराकडून करून घ्यावी, घरात पोरंबाळं असतील तर कुलपाचं लोखंडी कपाट घ्यावं, आणि उरलेल्या पैशांतून रेंजवर नियमाने जावं. आणि जो सरावाला जाणारच नाही, त्याने परवान्याचा अर्जच करू नये.